देवडीवरचा पहारा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आजचा विषय संगणकाचा आहे, पण सुरुवात मी नगरच्या भुईकोट किल्ल्यापासून करणार आहे. आता शहराचे आणि जिल्ह्याचे नाव 2024 पासून अहिल्यानगर झाले आहे. किल्ला मात्र होता तिथेच आहे, खंदकासह. 1942 ते 1945 या काळात नेहरू, मौलाना आझाद आणि त्यांचे सहकारी इथे कैदेत होते, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असते. मला सांगायची आहे ती त्याच्या साडेतीनशे वर्षे आधीची गोष्ट. दारावर कुणाला आत घ्यायचे, कुणाला अडवायचे आणि ते ठरवताना चूक झाली तर काय होते, याची.

1595 च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद आणि सेनापती अब्दुर्रहीम खानखाना यांनी नगरला वेढा घातला. हा खानखाना म्हणजे दोहे लिहिणारा कवी रहीमच. किल्ल्यात चांदबिबी होती. हुसेन निजामशहाची मुलगी, विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा, माहेरचे राज्य वाचवायला उभी राहिलेली. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले होते. ते नेमके कुठे आहेत, हे आतल्यांना ठाऊक नव्हते. एके रात्री मोगलांच्याच छावणीतला, मूळचा शिराझचा एक माणूस अंधारातून तटापाशी आला आणि त्याने सुरुंगांच्या जागा सांगितल्या.

आता विचार करा. शत्रूच्या गोटातून, अपरात्री, न बोलावता आलेला माणूस. कुठल्याही पहारेकऱ्याने त्याला हेर समजून हाकलले असते तर त्याला दोष देता आला नसता. किल्ल्यातल्या लोकांनी तसे केले नाही. आणि डोळे मिटून विश्वासही ठेवला नाही. त्याने सांगितले तिथे त्यांनी खणून पाहिले. दारू सापडली. दोन सुरुंग निकामी झाले, तिसऱ्यावर काम चालू असतानाच बाहेरून बत्ती दिली गेली आणि तटाला मोठे भगदाड पडले. चांदबिबी चिलखत घालून, तोंडावर बुरखा आणि हातात नंगी तलवार घेऊन त्या भगदाडात उभी राहिली. रातोरात तट पुन्हा उभा राहिला. 1596 साली तह झाला. वऱ्हाड गेले, पण नगर वाचले.

चार वर्षांनी, 1600 साली, मोगल पुन्हा आले. या वेळी शाहजादा दानियाल आणि तोच खानखाना. आत फाटाफूट होती. किल्ला फार दिवस टिकणार नाही हे चांदबिबीला कळले होते. बालराजा बहादूर निजामशहाचा जीव वाचावा म्हणून तहाची बोलणी करावीत, असा विचार तिने एका जवळच्या अधिकाऱ्यापाशी बोलून दाखवला. तो बाहेर धावला आणि ओरडत सुटला, की बेगम शत्रूला फितूर झाली आहे, किल्ला विकते आहे. शिपायांचा जमाव तिच्या महालात शिरला आणि ज्या बाईने तटाच्या भगदाडात उभे राहून त्यांना वाचवले होते, तिला त्यांनी ठार मारले. थोड्याच दिवसांत किल्ला पडला. बालराजाची रवानगी ग्वाल्हेरच्या तुरुंगात झाली. या घटनांची हकीकत लिहून ठेवणारा इतिहासकार फिरिश्ता स्वतः तरुणपणी नगरच्या दरबारी चाकरीस होता.

पहिल्या वेळी संशयास्पद दिसणारा माणूस विश्वासू निघाला, कारण त्याचे म्हणणे पडताळून पाहिले गेले. दुसऱ्या वेळी सगळ्यात विश्वासू माणूस फितूर ठरला, कारण कुणी पडताळलेच नाही. आज आपल्या टेबलावरच्या संगणकात रोज नेमके हेच दोन प्रसंग घडत असतात.

लाहोरची फ्लॉपी, पुण्याचे दुकान

1971 साली अमेरिकेत बॉब थॉमस नावाच्या अभियंत्याने 'क्रीपर' हा एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर सरकणारा प्रोग्राम प्रयोग म्हणून लिहिला आणि त्याला शोधून पुसणारा 'रीपर' लवकरच त्याच्या मागावर आला. म्हणजे चोर आणि शिपाई जवळपास एकाच वेळी जन्मले. 'व्हायरस' हे नाव रूढ झाले ते फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याच्या कामातून, 1983-84 च्या सुमारास. त्याने आणखी एक गोष्ट गणिताने दाखवून दिली. प्रत्येक विषाणू हमखास ओळखेल आणि कधीही चुकणार नाही, असा प्रोग्राम लिहिणेच शक्य नाही. अँटिव्हायरस अधूनमधून चुकतो, तो काही केवळ आळशी कंपनीमुळे नव्हे. चूक त्या कामाच्या पोटातच आहे.

1986 साली लाहोरच्या बासित आणि अमजद अल्वी या दोघा भावांनी 'ब्रेन' नावाचा विषाणू फ्लॉपीवर सोडला. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरची चोरून नक्कल होऊ नये म्हणून हा उद्योग केला, असे त्यांचे म्हणणे. गंमत अशी, की त्यात त्यांनी स्वतःचे नाव, पत्ता आणि फोन नंबरही घातला होता. त्यानंतर 6 मार्चला जागा होणारा 'मायकेलँजेलो' 1992 साली जगभर गाजला. 26 एप्रिल 1999 रोजी 'चेर्नोबिल'ने असंख्य संगणक कायमचे मुके केले. मे 2000 मध्ये 'आय लव्ह यू' अशा गोड नावाचे पत्र उघडून लोक फसले.

आपल्याकडे या लढाईत उभा राहिला तो सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचा, दहावीपर्यंत शिकलेला एक तरुण. कैलास काटकर पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्त करत. पुढे संगणकाची दुरुस्ती आली. 1993 साली त्यांनी कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस सुरू केली. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत बिघाडापेक्षा विषाणूच जास्त सापडू लागले. धाकटा भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होता, त्याने विषाणू काढणारे छोटे प्रोग्राम लिहायला घेतले आणि त्यातून 1990 च्या दशकाच्या मध्यावर 'क्विक हील' जन्माला आले. 2007 साली कंपनीचेही नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज झाले आणि फेब्रुवारी 2016 मध्ये तिचे शेअर बाजारात आले. तालुक्याच्या गावातल्या डीटीपीवाल्यापासून पतसंस्थेपर्यंत कितीतरी संगणकांवर हाच पुणेरी पहारेकरी बसला.

पहारेकरी ओळखतो कसा?

सुरुवातीला त्याची रीत साधी होती. पोलीस ठाण्यात सराईत चोरांचे फोटो लावलेले असतात, तशी त्याच्याजवळ विषाणूंच्या खुणांची यादी असे. फाइल आली की यादीशी ताडून पाहायची. यादी जुनी झाली की नवी आणायची. ती पूर्वी फ्लॉपीवर किंवा सीडीवर यायची, आता इंटरनेटवरून दिवसातून अनेकदा येते. पण नवा चोर यादीत कसा असणार? म्हणून दुसरी रीत आली: वागणूक पाहायची. हा प्रोग्राम दुसऱ्या फाइली बदलतो आहे का? कीबोर्डवर काय टाइप होते आहे ते पाहतो आहे का? गुपचूप बाहेर काही पाठवतो आहे का? तसे असेल तर अडव, उचलून विलगीकरणात टाक.

इथेच मराठी लिहिणाऱ्या माणसाशी गाठ पडते. मराठी टायपिंगचा प्रोग्राम काय करतो? तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ तो मधल्यामध्ये पकडतो, इंग्रजी 'के'चा 'क' करतो आणि पुढे पाठवतो. पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही प्रत्येक कळ मधल्यामध्ये पकडतो. हेतू जमीन-अस्मानाचा, पण दारातून आत येताना दोघांची चाल एकच. त्यातून आपला प्रोग्राम एखाद्या लहान कंपनीचा, जुना, शिक्का नसलेला, थोड्याच लोकांच्या वापरातला असला की पहारेकऱ्याच्या भुवया चढतात. सकाळी संगणक सुरू करावा तर कालपर्यंत उमटणारी मराठी अक्षरे बंद, आणि कोपऱ्यात पाटी: धोका दूर केला आहे. लिहिणाऱ्याला वाटते, धोका कसला, माझी भाषाच दूर केली की!

ज्याच्या नावाकडे बघून दारावरचा माणूस कागद दोनदा तपासतो, त्याला हा प्रकार फारसा समजावून सांगावा लागत नाही. तपासणीबद्दल तक्रार नसते. तपासून झाल्यावर तरी दार उघडावे, एवढीच अपेक्षा असते.

आणि हे फक्त लहानांच्याच वाट्याला येते असे नाही. मे 2007 मध्ये सिमँटेकच्या अँटिव्हायरसने चिनी भाषेतल्या विंडोज एक्सपीच्या दोन आवश्यक फाइली विषाणू समजून उचलल्या आणि यंत्रे सुरूच होईनात. 21 एप्रिल 2010 रोजी मॅकअफीच्या नव्या यादीने विंडोजची 'एसव्हीसीहोस्ट' ही मूळ फाइलच चोर ठरवली. जगभर कार्यालयांतली यंत्रे बंद-चालू होत राहिली. सप्टेंबर 2012 मध्ये तर सोफोसच्या पहारेकऱ्याने स्वतःचीच अद्ययावत होण्याची फाइल अडवली. म्हणजे देवडीवरच्या शिपायाने आपल्यालाच कोठडीत घातले.

शिक्का आणि मोर्तब

मग विश्वासू कोण, हे ठरवायचे कसे? नावावरून तर मुळीच नाही. नगरजवळच्या डोंगरावरच्या तीन मजली इमारतीला आपण पिढ्यान्‌पिढ्या चांदबिबीचा महाल म्हणतो. प्रत्यक्षात ती सलाबतखानाची कबर आहे. नाव लोकांनी दिले, आतले माणूस वेगळेच. संगणकात चोरटे प्रोग्रामही विंडोजच्याच फाइलींची नावे लावून फिरतात.

याचे उत्तर आपल्या जुन्या दप्तरात आहे. शिवकाळात आणि पेशवाईत पत्राच्या माथ्यावर शिक्का असे, ते कुणाचे आहे हे सांगायला. आणि मजकूर संपला की खाली मोर्तब उमटे, म्हणजे त्यापुढे कुणी चोरून एखादी ओळ घुसवू नये. आजही एखादी गोष्ट पक्की झाली की आपण शिक्कामोर्तब झाले म्हणतो. प्रवाशाजवळ दस्तक असे, ते चौकीवर दाखवले की वाट मोकळी.

संगणकातली डिजिटल सही नेमकी हीच दोन कामे करते. 1976-77 मध्ये अमेरिकेतल्या गणितज्ञांनी तिचा पाया घातला. एका किल्लीने सही करायची, ती किल्ली गुप्त. दुसऱ्या किल्लीने ती तपासायची, ती सर्वांना खुली. सही करण्याआधी साऱ्या फाइलीचे गणिताने एक छोटे सार काढतात. फाइलीतले एक अक्षर जरी बदलले तरी सार पार बदलते आणि सही जुळत नाही. सही कुणाची हा झाला शिक्का, मजकूर बदललेला नाही हे झाले मोर्तब. आपल्या देशात माहिती तंत्रज्ञान कायद्याने 2000 साली या सहीला मान्यता दिली.

ग्रामीण महाराष्ट्रात ही सही पोहोचली ती सातबाऱ्यावरून. 1 मे 2018 रोजी राज्यात डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. तलाठ्याच्या सहीसाठी घालावे लागणारे हेलपाटे त्याने वाचवले. पण उतारा संगणकावर उघडला की सहीच्या जागी अनेकांना पिवळे प्रश्नचिन्ह दिसे आणि धसका बसे, की उतारा खोटा आहे की काय! सही खरी असायची. फक्त आपल्या संगणकाची त्या सही देणाऱ्याशी ओळख झालेली नसायची. त्या यंत्रणेचे मूळ प्रमाणपत्र एकदा विश्वासूंच्या यादीत घातले की प्रश्नचिन्ह जाऊन हिरवी खूण येते. ओळख नसणे आणि गुन्हेगार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यंत्रालाही शिकवावे लागते.

शिक्काच चोरीला गेला तर?

मात्र सही दिसली की दार सताड उघडावे, असेही नाही. 2010 साली उघडकीस आलेल्या 'स्टक्सनेट'ने इराणच्या अणुकेंद्रातली यंत्रे बिघडवली. त्याच्याजवळ तैवानच्या दोन नामवंत कंपन्यांच्या सह्या होत्या, चोरलेल्या. 2017 साली 'सीक्लीनर' या लोकप्रिय प्रोग्रामच्या अधिकृत आवृत्तीतच चोरटा भाग मिसळला गेला होता. दुकान खरे, शिक्का खरा, माल नासलेला.

पुण्यातली घटना तर आपल्या अगदी जवळची. ऑगस्ट 2018 मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेतून 94 कोटी रुपयांहून अधिक रक्कम लुटली गेली. बँकेच्या यंत्रणेत घुसलेल्या मालवेअरने एटीएमच्या मागण्या मंजूर करणारी एक बनावट यंत्रणाच मध्ये उभी केली. 28 देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. खऱ्या दरवानापर्यंत निरोप पोहोचलाच नाही. बाहेर खोटा दरवान बसून सगळ्यांना 'जा' म्हणत होता. पहारा कशासाठी हवा, असे विचारणाऱ्याला एवढे एकच उदाहरण पुरे.

परवाना द्यावा कसा?

आता कामाचे बोलू. आपला खात्रीचा प्रोग्राम अडला की बहुतेक जण एकच उपाय करतात: अँटिव्हायरस बंद. सेवा केंद्रात रांग लागलेली असते, अर्जाची शेवटची तारीख असते, माणसे ताटकळलेली असतात. चालकाचा नाइलाज समजतो. पण एका पाहुण्यासाठी पहारेकऱ्यालाच घरी पाठवायचे, हा कुठला न्याय? आणि गेलेला पहारेकरी परत बोलवायचे पुष्कळदा राहून जाते.

नगरच्या लोकांनी 1596 साली केले तेच करावे. आधी खणून पाहावे. प्रोग्राम मूळ कंपनीच्या किंवा सरकारी खात्याच्या अधिकृत जागेवरून घेतला आहे का? कुणा मित्राच्या पेनड्राइव्हवरून आलेली, कुलूप तोडलेली फुकट प्रत असेल, तर ती विश्वासू नव्हेच. अशा प्रतींतून खरेखुरे विषाणू येतात. फाइलीच्या गुणधर्मांत डिजिटल सही आहे का आणि ती जुळते का, ते पाहावे. कंपनीने फाइलीचे सार जाहीर केले असेल तर ताडून पाहावे. शिवाय एकाच पहारेकऱ्याच्या शब्दावर जाऊ नये. 2004 साली स्पेनमध्ये सुरू झालेल्या आणि 2012 पासून गूगलकडे असलेल्या 'व्हायरसटोटल'वर एक फाइल एकाच वेळी अनेक अँटिव्हायरसना दाखवता येते. साठ-सत्तर जणांपैकी एखाददुसराच ओरडत असेल तर बहुधा गैरसमज, निम्मे ओरडत असतील तर फाइल टाकून द्यावी. एक सावधगिरी: तिथे दिलेली फाइल इतरांच्याही हाती पडू शकते, म्हणून खासगी कागदपत्रे तिथे चढवू नयेत.

खात्री पटली, की अँटिव्हायरसच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या फाइलीला सूट द्यावी. विलगीकरणात गेली असेल तर तिथून परत आणता येते. सूट फक्त त्या एका फाइलीला द्यावी, फार तर तिच्या स्वतंत्र फोल्डरला. साऱ्या 'सी' ड्राइव्हला किंवा डाउनलोडच्या फोल्डरला सूट देणे म्हणजे एका ओळखीच्या माणसासाठी वेशीचे दार रात्रभर उघडे ठेवणे. काम संपले, प्रोग्राम काढून टाकला, की सूटही काढावी. आणि अँटिव्हायरसच्या कंपनीला कळवावे, की तुमचा माणूस चुकला. फाइल पाठवण्याची सोय जवळपास सगळ्यांकडे असते. त्यांनी यादी सुधारली, की तुमच्यासारख्या हजारोंची अडचण मिटते. कार्यालयातला संगणक असेल तर हे निर्णय त्या कामासाठी नेमलेल्या माणसावर सोडावेत.

शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांवर हवालदार, सबनीस आणि सरनौबत असे तीन अधिकारी असत, हे सभासदाच्या बखरीत आहे. एकाच्या मनात आले म्हणून किल्ला कुणाच्या हवाली होऊ नये, हा त्यातला हेतू. पतसंस्थेत, शाळेत, सेवा केंद्रात सूट देण्याचा अधिकार सगळ्यांच्या हाती असू नये, तो याच कारणासाठी. रायगडच्या हिरकणीची आख्यायिकाही आठवावी. बाळाच्या ओढीने ती कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा गौरव केला आणि जिथून ती उतरली तिथे बुरूज बांधला. विश्वासू माणसाचा मान ठेवला आणि उघडी पडलेली वाटही बुजवली.

19 जुलै 2024 रोजी 'क्राउडस्ट्राइक' या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल जगभर गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार 85 लाख संगणक बंद पडले. आपल्या देशातल्या काही विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. हा कुणा चोराचा हल्ला नव्हता. पहारेकऱ्यावर आपण घरातल्या सगळ्या किल्ल्या सोपवतो, म्हणून त्याचा पाय घसरला की सारे घर पडते. त्यालाही नवी आज्ञा द्यायची तर आधी चार यंत्रांवर पडताळून मग सर्वांना द्यावी, हा धडा त्या दिवशी पुन्हा गिरवला गेला.

संशय घेणे हे पहारेकऱ्याचे कामच आहे. त्याने तो घेतला नाही तर पगार कशाचा? पण संशय आणि निकाल यांच्यामध्ये एक पायरी आहे, खणून पाहण्याची. 1600 सालच्या त्या दिवशी नगरच्या किल्ल्यात एकानेही महालाच्या दारात उभे राहून विचारले असते, की बेगम नेमके काय म्हणाल्या, तर किल्ला कदाचित तरीही पडला असता. पण तो आपल्याच रक्षणकर्तीच्या रक्ताने माखून पडला नसता. आपल्या पडद्यावर पुढच्या वेळी लाल पाटी येईल तेव्हा दोन मिनिटे थांबून ही पायरी चढावी. दार उघडायचे की लावायचे, हे त्यानंतर ठरवावे.